लिंबोणीचा ताण

जळगाव जामोदच्या आमच्या अंगणातली लिंबोणी गेल्या वर्षी तोडायचीच ठरली होती. झाड हिरवंगार, पण फुलाचा पत्ता नाही. नवऱ्याला तिथे गाडीसाठी शेड हवी होती. "या हिवाळ्यात फुललं तर ठीक, नाहीतर काढू," तो म्हणाला. सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. झाड सासूबाईंनी लावलेलं. त्या गेल्यापासून सासरेच सकाळ-संध्याकाळ पाइप धरून त्याला पाणी पाजायचे.

मला मात्र स्फुरण चढलं! माझं माहेर संग्रामपूरकडचं, संत्र्याच्या बागेतलं. बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी पाइप गुंडाळून माळ्यावर टाकला.

"मामाजी, तुमच्या लाडानं माजलं ते. आता थेंबभर पाणी द्यायचं नाई."

"मारून टाकतं काय पोरी त्याले?"

दिवस गेले, पण एक पान पिवळं पडेना. माती ओलीच! मी चक्रावले. मग एकदा जेवण झाल्यावर पाहते तर सासरे हात धुवायला थेट झाडाच्या आळ्यात. पाहुण्यांचे पाय तिथेच, चूळ तिथेच, पूजेचं पाणी तिथेच. आणि तांदळाचं धुवण? ते तर मी स्वतः ओतत होते!

हात धुवायची बादली मी न्हाणीपाशी हलवली, बाकीचं सगळं पाणीही तिकडेच. मग पानं मलूल झाली, गळू लागली. सासरे झाडाकडे पाठ करून बसायचे. मीही आतून घाबरले होते. मेलंच तर?

अखेर ताण तोडायचा, म्हणजे पुन्हा पाणी द्यायचा दिवस आला. आळं हलकं खणलं, शेणखत घातलं आणि पाइप सासऱ्यांच्याच हातात दिला.

"बुडाशी नाई, कडेकडेनं. माती नुसती चिंबली पाह्यजे."

"झालं, बंद करा," म्हटलं तर लहान पोरासारखे म्हणाले, "अजून जरासं!"

आणि मग एका सकाळी अंगणातून हाक आली, "पोरी! भाईर ये, लवकर!"

फांदीफांदीवर कळ्या! काही उमललेल्यासुद्धा, आणि काय तो वास! मी टाळ्याच पिटल्या. सासऱ्यांनी नवऱ्याला अंथरुणातून ओढून आणलं. तो डोळे चोळत बघतच राहिला. शेडचं नाव त्याने काढलं नाही.

सासऱ्यांनी पाइप त्याच्या हातात कोंबला.

"घे बे, तुह्या मायचं झाड आहे. आज तू दे पाणी. बुडाशी नाई, कडेकडेनं."