निलंग्याची वहिनी

गव्हाचा चीक शिजू लागला की त्या उबदार, आंबूस वासाबरोबर मला नांदेडमधली एक गच्ची आठवते. आम्ही तिघे मित्र नुकतेच नोकरीला लागलो होतो आणि सडाफटिंग पोरांना कुणी खोली देत नव्हते, म्हणून एका विनोदी चित्रपटातली युक्ती आम्ही उचलली: माझे लग्न झालेले, बायको निलंग्याला शिक्षण संपवते आहे आणि हे दोघे माझे चुलतभाऊ. घरमालकीणबाईंनी विश्वास ठेवला. त्यांची मुलगी रोज चिडवायची, "काय हो, वहिनीला कवा आणणार?" मित्र हसत, मला हसू येईनासे झाले, कारण तोवर माझा जीव तिच्यावर जडला होता. एका उन्हाळ्यातल्या सकाळी ती गच्चीवर कुरडया घालत होती. वाटीभर गरम चीक माझ्यापुढे ठेवून, मान खाली घालूनच ती म्हणाली, "सांजच्याला मला बघायला पाहुणे येणार हायत. तुम्ही मोकळे असता, तर आईला म्या तुमचंच नाव सांगितलं असतं." सोऱ्या फिरवणारा तिचा हात थांबला होता. एक खरे वाक्य पुरेसे होते. पण ते बोललो असतो तर आम्ही तिघेही रस्त्यावर आलो असतो. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात आणतो वहिनीला." "आणा. माझ्या लग्नाला तरी आणा," ती म्हणाली आणि सोऱ्या पुन्हा फिरू लागला. त्या चित्रपटात शेवटी खोटे उघडे पडते, सगळे हसतात आणि लग्न लागते. आमचे खोटे कधी उघडे पडलेच नाही. आज माझी पन्नाशी उलटली आहे. ती जिथे असेल तिथे, मला अजून निलंग्याच्या त्या वहिनीचाच नवरा समजत असेल.