तळातला नमुना

बिअरचा वास मला आजही सोसत नाही. हराम म्हणून मी ती कधी प्यालो नाही, ते वेगळं. पण नुसत्या वासाने शिसारी येते, त्याला कारण माझा कतारमधल्या दुखानचा खोलीसोबती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघं तिथल्या तेलकॅम्पाच्या प्रयोगशाळेत कामाला होतो आणि बॅचलर लाइनीतल्या एकाच खोलीत राहायचो. मी रत्नागिरीकडचा, तो पुण्याचा. रोज इस्त्रीचा शर्ट घालणारा, नखं कापलेली, माणूस कसा टापटीप. त्याची आठवण त्यामुळेच जास्त किळसवाणी वाटते.

सुट्टीवर निघालेल्या एका साहेबाने जाताना त्याला घरी बिअर करायचे माल्ट एक्स्ट्रॅक्टचे डबे दिले. आत काळपट, चिकट पाक, आमच्याकडच्या काकवीसारखा. त्याने थोड्या उकळत्या पाण्यात तो विरघळवला, खोलीतल्या पिण्याच्या पाण्याच्या नळवाल्या टाकीत ओतला आणि वरून गार पाणी सोडलं. माश्या बसू नयेत म्हणून टाकीच्या तोंडाला स्वतःचा जुना बनियन बांधला. त्या दिवसापासून मी मेसमध्ये जाऊन पाणी प्यायला लागलो.

यीस्ट घालण्याआधी घनता मोजायची होती. तिला तो मोठ्या आदराने ‘ओरिजिनल ग्रॅव्हिटी’ म्हणायचा.

“हा आकडा चुकला तर सगळं चुकलं,” तो मला सांगू लागला. “यीस्ट साखर खातं, तशी घनता उतरते. या आकड्याच्या चौथ्या हिश्शावर आली की खलास, बाटल्या भरायच्या. आधी भरल्या तर आत गॅस होऊन फुटतात.”

मग त्याचं सोवळं सुरू झालं. काचेची नळी तीनदा पुसली. टाकीच्या खालच्या नळातून ती भरली. घनता मोजायचा हायड्रोमीटर थंड देशासाठी बनवलेला, म्हणून नळी बर्फात ठेवून थर्मामीटर लावला. फेस फुंकरीने उडवला, गुडघ्यांवर बसून डोळा पातळीत आणला आणि आकडा वाचला. पाण्याच्या हजारावर सत्तर.

“तू ढवळलंस कुठे?” मी म्हणालो. “पाक सगळा तळाशी बसलाय आणि तू नमुना तळातून घेतलास.”

प्रयोगशाळेत तेलाच्या टाकीचा नमुना वरून, मधून आणि खालून असा तिन्ही थरांतून घ्यायचा असतो. कुणी एकाच थराचा आणला तर हाच माणूस तो त्याच्यादेखत ओतून द्यायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय? त्याला सत्तर आवडला होता. इतकी कडक बिअर साहेबांनाही जमली नव्हती, आणि ते त्याला क्लबात सांगायचं होतं.

“तू पीत नाहीस, तुला काय कळणार यातलं,” तो म्हणाला.

पुढचे आकडे बरोबर येत गेले, कारण यीस्टने टाकीतलं सगळं आपोआप घुसळून काढलं. खोटा, फुगलेला होता तो पहिलाच. त्यामुळे त्याचा चौथा हिस्सा लवकर आला, साखर अजून शिल्लक असताना. सतरा दिसताच त्याने बाटल्या भरल्या, बुचं ठोकली आणि सावली म्हणून माझ्या खाटेखाली रचल्या. त्याच्या खाटेखाली टाकी होती.

माझ्या खाटेखाली माझी पत्र्याची पेटीही होती. तीत बहिणीच्या निकाहचा जोडा, म्हणजे नवरीचा पोशाख होता, दोह्याच्या सुकातून, तिथल्या बाजारातून आणलेलं लाल साटीन आणि वर जरीची ओढणी. गावचा एकजण बोटीने निघणार होता, त्याच्याबरोबर पाठवायचा होता. आईने गावभर सांगून ठेवलं होतं की जोडा कतारहून येतोय.

“बाटल्या हलव,” मी म्हणालो.

“इतकं मोजूनमापून केलंय. फुटतील कशा?”

दोन दिवसांनी दुपारी ड्यूटीवरून आलो, तर दारातच आंबूस वासाचा भपकारा आला. खाटेखाली काचांचा खच पडला होता. पेटीच्या सांध्यातून बिअर आत गेली होती. मी जोडा उचलला. तो लदबदलेला होता, आणि यीस्टचा करडा साका जरीला शेंबडासारखा चिकटला होता. धुऊन डाग गेले असते, पण दारूत भिजलेला जोडा बहिणीला निकाहात कोणत्या तोंडाने घालायचा? मला ओकारी आली आणि रडूही आलं.

माझ्या मागोमाग आलेला तो घाईघाईने गेला आणि काचेची नळी घेऊन आला. पेटी कलती करून तळाशी साचलेलं पाणी त्याने नळीत घेतलं. साटीनचा रंग उतरून ते गुलाबी झालं होतं. त्याने फेस फुंकला, गुडघ्यांवर बसला आणि डोळा पातळीत आणला.

“चौदा,” तो म्हणाला. “बघ, घनता अजून उतरतच होती.”

बहिणीचा निकाह मामीच्या जुन्या जोड्यात झाला.