हेल्मेटवरून पदर

पदर गाडीच्या चेनमध्ये गेला आणि मी मागे ओढली गेले. आधी मान गेली, मग पाठ. पाय अजून गाडीवरच होते. डोकं खाली मागल्या चाकाशेजारी, आणि गळ्याभोवती माझंच लुगडं आवळलेलं. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. हेल्मेटच्या काचेतून आभाळ तेवढं दिसत होतं.

भाचा ओरडत होता, "मावशी! मावशी वो!" पण त्याला उतरता येत नव्हतं. इंजिन त्यानं बंद केलं, तेवढंच त्याच्या हातात होतं. गाडी पावणेतीन क्विंटलची. मी डाव्या बाजूला लोंबकळत होते, आणि गाडी टेकवायचा स्टँडही डावीकडेच. त्यानं हात सोडला असता तर अख्खी गाडी माझ्या अंगावर आली असती. म्हणून तो दोन्ही पाय रोवून तिला धरून उभा होता आणि नुसता बोंबलत होता.

भाचा म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा. चाळिशीचा माणूस आहे. अमरावतीत कृषी केंद्र चालवतो, बियाणं आणि फवारणीची औषधं विकतो. बायको आहे, दोन मुली आहेत, आणि ही गाडी आहे. कारखान्यात बनून दुकानात विकायला येणाऱ्या जगातल्या सगळ्यात जलद मोटारसायकली असतात, त्यांतली ही एक. जपानची. त्याच्याकडे आली तेव्हा दुसऱ्यानं वापरलेली होती, पण त्यानं ती नव्या नवरीसारखी घरात घेतली. त्याची आई अकोल्याला राहते. तिनं गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. "मरण घेऊन आला दारात," एवढंच म्हणाली.

मी चौथी शिकलेली. जन्म भाजी पिकवण्यात आणि अमरावतीच्या बाजारात बसून विकण्यात गेला. गाड्यांचं मला काही कळत नव्हतं, पण भाच्यानं शिकवलं. घरी कोणी ऐकून घेईना, म्हणून तो संध्याकाळी माझ्या दुकानाशी येऊन बसायचा आणि फोन माझ्या नाकापुढे धरायचा.

"मावशी, हे पाह्य."

"पाहून राहिली. काळी गाडी आहे."

"काळी गाडी काय म्हणतं वो! तीनशेनं जाते ते."

"तीनशेनं कुठं जाते?"

"कुठं म्हणजे? जाते."

"बरं. तोपर्यंत तू त्या सांबारावर पाणी मार, कोमेजून राहिला."

सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर पाणी मारत मारत तो सांगायचा. एका कंपनीनं जलद गाडी काढली की दुसरी तिच्याहून जलद काढायची. असं बरीच वर्षं चाललं. मग तिकडच्या देशांत लोक कुरकुरायला लागले, सरकार बंदी घालेल असं वाटायला लागलं, तेव्हा कंपन्यांनी आपसातच ठरवलं की तीनशेच्या वर जायचं नाही. इंजिनात ताकद आहे, पण मुद्दाम लगाम घातला. मला ते पटलं. ज्यांनी बनवली त्यांनाच भीती वाटली, म्हणजे त्यांची डोकी ठिकाणावर होती.

"आता तर याच्याहीवर एक आहे," तो म्हणाला. "इंजिनात हवा कोंबते ते. पण रस्त्यावर चालवाची परवानगी नाही तिले."

"रस्त्यावर चालत नाही तर काय वखराले जुपतं का बे तिले?"

तो इतका हसला की शेजारची मिरचीवाली उठून बघायला आली.

मी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. दिवसभर तो लोकांची रडगाणी ऐकतो. बियाणं उगवलं नाही, औषध लागू पडलं नाही, सगळं त्याच्याच डोक्यावर. दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही. रविवारी गाडी धुतो, पुसतो आणि बडनेऱ्यापर्यंत जाऊन परत येतो. तीनशेनं तो कधी गेलेला नाही, आणि आमच्या रस्त्यांवर जाऊही शकणार नाही. मधे म्हशी बसलेल्या असतात.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत माझ्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. भाचा तिला बघायला अकोल्याला निघाला होता. मी म्हटलं, मी पण येते.

"बसनं जाऊ मग, मावशी."

"काहून? गाडी मोडली का?"

"त्या गाडीवर तू?"

"मी नाई तर कोण बसन? तुही बायको बसत नाई, माय बसत नाई. पाहू दे तुही तीनशेची."

त्यानं बायकोचं जाकीट मला घातलं, हेल्मेट घातलं. मग माझ्या पदराकडे बघून तो गंभीर झाला. आपल्याकडच्या साध्या गाड्यांना मागल्या चाकाशी जाळी असते, लुगडं-साडी आत जाऊ नये म्हणून. या गाडीची जाळी आधीच्या मालकानं शोभत नाही म्हणून काढून टाकली होती. भाच्यानं पदर माझ्या कमरेला गुंडाळायला लावला, गाठ मारायला लावली, वरून जाकिटाची चेन ओढली.

"अकोला येऊस्तोवर पदर सोडजो नको, मावशी. काईही झालं तरी."

"मी का लहान पोट्टी आहो?"

मी नऊवारी नेसते, त्यामुळे दोन्हीकडे पाय टाकून बसले. मागची जागा पाटाएवढी, आणि उंच. धरायला काही नाही, म्हणून भाच्याला धरलं. गावाबाहेर रस्ता मोकळा लागला तेव्हा मीच त्याच्या पाठीत बुक्की मारली. त्यानं गाडी सोडली. किती वेगानं, ते मला माहीत नाही. पोट मागे राहिलं आणि मी पुढे गेले, असं वाटलं. दोन्ही बाजूंच्या कपाशीच्या पऱ्हाट्या पुसल्यासारख्या झाल्या. मी हसत होते. इतकं मोठ्यानं मी कधी हसले ते आठवत नाही. पुढे गाडी हळू झाल्यावर विचारलं, हीच का तीनशे?

"नाई वो. शंभराच्या थोडी वर. तिसऱ्याच गिअरात होती."

मूर्तिजापूरच्या अलीकडे माझं सासर. रस्त्यालगतच गाव आहे. तिथे पुढे कापसाचा ट्रॅक्टर लागला आणि आम्ही त्याच्या मागे माणसाच्या चालीनं चाललो. तेवढ्यात मला भासरे दिसले.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. डोक्यावर चाऱ्याचा भारा, हातात विळा, शेतातून घरी चालले होते. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हापासून त्यांच्यासमोर माझं डोकं कधी उघडं राहिलं नाही. आमच्यात तशीच रीत. भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोला शिवायचं नाही, सरळ बोलायचंही नाही. मी दारात उभी असले तरी ते भिंतीला सांगायचे, "लहानीले म्हणा, चहा ठेव." मी पण भिंतीलाच सांगायचे, साखर संपली.

त्यांना बघितलं आणि हात आपोआप कमरेशी गेला. जाकिटाची चेन उघडली, गाठ सोडली, पदर ओढून डोक्यावर घेतला. डोक्यावर हेल्मेट होतं, तरी घेतला. हेल्मेटवरून पदर. वाऱ्यानं तो मागे उडाला आणि त्याचं टोक मागल्या चाकाच्या चेनला लागलं.

ज्या गाडीला कंपनीला लगाम घालावा लागला, ती त्या वेळी बैलगाडीच्या वेगानं चालली होती. म्हणूनच आज मी सांगते आहे.

लोंबकळत असताना मला भाऱ्याचा धप्प आवाज ऐकू आला. मग आभाळाच्या जागी भासऱ्यांचं तोंड आलं, उलटं.

"मान वर धर, लहाने!"

जन्मात पहिल्यांदा ते माझ्याशी सरळ बोलले. मी मान वर धरायचा प्रयत्न केला. त्यांनी दोन बोटं माझ्या गळ्यात, पदराच्या आत घातली, जागा केली आणि विळा चालवला. विळ्यानं त्यांचा स्वतःचा तळहातही कापला. सुती लुगडं जुनं होतं, एका ओढीत फाटलं. मी खाली पडले. भासऱ्यांनी गळ्यातला दुपट्टा काढून माझ्या अंगावर टाकला आणि तोंड फिरवून उभे राहिले. हातातून रक्त गळत होतं, पण मी नीट सावरेपर्यंत त्यांनी मागे बघितलं नाही.

लोक जमले. अशा वेळी लोक लवकर जमतात. भाच्यानं गाडी आता स्टँडवर टेकवली होती. सायलेन्सरला लागून त्याची पोटरी भाजली होती. कोणी तरी त्याची कॉलर धरली.

"म्हातारीले मारून टाकत होता बे! शर्यत लावून राहिला का?"

"ह्या गाड्याच जाळल्या पाहिजेत."

भाचा मार खायला तयार असल्यासारखा उभा राहिला. तो एवढंही म्हणाला नाही की मावशीला पदर बांधायला सांगितलं होतं. मला सांगायचं होतं, पण गळ्यातून नुसती शिट्टी निघत होती. मी हात हलवत होते आणि बायांना वाटत होतं, पाणी मागते आहे.

तेव्हा भासरे बोलले.

"सोड त्याले. पोट्ट्याची चूक नाई. मले पाहून पदर घेतला तिनं."

कॉलर सुटली. लोक त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी कापलेला हात धोतरात गुंडाळला आणि मागल्या कडुलिंबाला म्हटल्यासारखं म्हटलं, "लहानीले सांगा, आता आपण म्हातारे झालो. मले पाहून पदर घेनं सोड म्हणा."

तिथून जीपनं अकोल्याला दवाखान्यात नेलं. पदर हेल्मेटच्या कडेत अडकला म्हणून गळा पुरता आवळला गेला नाही, असं डॉक्टर म्हणाले. बहीण डोळ्यावर पट्टी बांधून त्याच शहरात झोपली होती. तिला कळलं तेव्हा ती आधी भाच्यावर ओरडली, मग माझ्यावर. चूक खरी माझी, म्हणून माझ्यावर जास्त ओरडली. मला आठवडाभर बोलता आलं नाही. घरच्यांना ते दिवस बरे गेले असावेत.

भाच्यानं गाडी विकायला काढली. मी घोगऱ्या आवाजात त्याला म्हटलं, विकू नको, जाळी बसव. त्यानं जाळी बसवली. चांगली जाड, काळी. दिसायला वाईट दिसते. रविवारी तो अजून बडनेऱ्यापर्यंत जातो.

दिवाळीला मी सासरी गेले तेव्हा भासरे ओट्यावर बसले होते, तळहातावर व्रण. मी पदर डोक्यावर घेतला. तेवढी सवय जात नाही. त्यांनी बघितलं आणि भिंतीला सांगितलं, "लहानीले म्हणा, चहा ठेव."

यंदा उन्हाळ्यात भासरे गेले, वयानं, झोपेत. पण त्या दिवशी त्या रस्त्यावरून भासरे, भाचा आणि मी, तिघंही जिवंत परत आलो.