सुनंदाताईंचे कंस

बारावीच्या तासावर होतो तेव्हा सुनंदाताईंच्या रेखाचा फोन आला. मी कट केला. पुन्हा वाजला. बाहेर येऊन घेतला तर ती एवढंच म्हणाली, "सर, आई गेली... सकाळी." त्याला आता दोन महिने होत आले. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी दुःखाच्याही आधी धस्स झालं ते वेगळ्याच गोष्टीने. त्यांची माफी मागायची राहून गेली होती.

सुनंदाताई मूळच्या पडघ्याच्या. भिवंडीच्या नारपोलीत कापडाच्या लूमच्या कारखान्याला लागून त्यांचं टायपिंगचं दुकान. भिंत दिवसभर थरथरायची, बाईंचा हात मात्र ढळायचा नाही. लग्नपत्रिका, अर्ज, पावतीपुस्तकं करता करता त्या माझ्या गणिताच्या सरावपुस्तकासाठी लॅटेक हे संगणकावर पानं जुळवायचं सॉफ्टवेअर शिकल्या. त्यात गणिताचं चिन्ह काढायचं नसतं, त्याची आज्ञा लिहायची असते, मग इंटिग्रल पानावर आपोआप उभं राहतं. दहावीला शाळा सुटलेली ही बाई महिन्याभरात माझ्या पुढे गेली, आणि खरं सांगायचं तर ते मला थोडं झोंबलंच.

चार वर्षांपूर्वी परीक्षा अशीच तोंडावर आली होती. ताई इंटिग्रलच्या खालच्या-वरच्या प्रत्येक आकड्याला महिरपी कंस घालत बसल्या होत्या. मी शून्य ते एकचं एक उदाहरण कंसाशिवाय करून दाखवलं. बरोबर आलं. "काढा ते कंस, उगाच वेळ जातो," असं वर सुनावलंही. त्यांनी सगळे काढले.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात नमुन्याची पानं निघाली. मशीन सुरू होणार, तोच ताईंनी छापणाऱ्याचा हात धरला. "थांब जरा. सर, हितं बघा."

"आता काय? मुलं उद्या पुस्तक मागतायत."

"तुमच्या कागदावर वर दहा हाय. हितं एक हाय, आन् शून्य खाली आलंय."

मी ओरडलो. सगळ्यांसमोर. "तुम्हाला इंटिग्रेशन कळतं का?"

"न्हाय कळत," त्या शांतपणे म्हणाल्या. हात मात्र सोडला नाही. "पण दिसतं ना."

मी पान हिसकावून घेतलं. ताईंचं बरोबर होतं. कंस नसला की फक्त पहिला आकडा वर चढतो. दहातलं शून्य खाली एक्सच्या शेजारी येऊन बसलं होतं, आणि शून्याने गुणल्यावर उरणार काय? उत्तर शून्य. अशी तीसेक गणितं होती. छापखान्याचा मालक वैतागून म्हणाला, "टाइपिंगवाली बाई की गलती है, और क्या." ताईंनी माझ्याकडे पाहिलं... मी पानं चाळत राहिलो.

चुका त्यांनीच तिथे बसून दुरुस्त केल्या, पुस्तक वेळेवर आलं, माझं कौतुक झालं. भिवंडीत असली बातमी चहा निवायच्या आत पोचते. गणिताचं काम त्या बाईंना देऊ नका, असं दोन कॉलेजांत ठरलं. मला कळलं होतं. उद्या बोलू, परवा बोलू, असं करत चार वर्षं गेली. त्या माझं काम करत राहिल्या, चहा पाजत राहिल्या, त्या दुपारबद्दल चकार शब्द काढला नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात रेखाने नव्या आवृत्तीची फाईल आणून दिली. "आईनं पुरी केली हाय, सर. तुम्ही फकस्त बघून घ्या." उघडायला दोन दिवस धीर झाला नाही. उघडली तर प्रत्येक आकड्याला कंस, एकट्या शून्यालासुद्धा. लॅटेकमध्ये ओळीच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह दिलं की ती ओळ छापली जात नाही, फाईल उघडणाऱ्यालाच दिसते. इंटिग्रलच्या प्रकरणाच्या सुरुवातीला ताईंनी तशी एक ओळ लिहून ठेवली होती: 'मागच्या वेळी कंस सरांनी काढायला सांगितले होते. आता सगळे घातलेत.'

 मी त्या ओळीपुढचं टक्क्याचं चिन्ह पुसलं आणि फाईल छापखान्यात पाठवून दिली.