वसुधाची माय

सत्यशीलाच्या शिवणक्लासात पुस्तक वाचायची पद्धत भांडणांमुळे सुरू झाली. मशीनी तीनच आणि मुली दहा-बारा. ज्यांना मशीन मिळायची नाही त्या भिंतीला टेकून हातशिलाई करायच्या. तुरपाई, काज, हुक. हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी, त्यामुळे रोज कुणाचं तरी बिनसायचं. एका दुपारी तिनं नवऱ्याच्या पिशवीतून शाळेच्या वाचनालयाचं एक पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. नवरा देवानंद जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यामुळे पुस्तकांना तोटा नव्हता. भांडणं थांबली. ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. तेव्हापासून तीर्थपुरीच्या बाजारगल्लीतल्या त्या पुढच्या खोलीत चहाच्या आधी मशीनींची घरघर बंद व्हायची आणि पुस्तक चालू व्हायचं.

सत्यशीला दहावी शिकलेली. पुढं शिकायची फार इच्छा होती, पण लग्न झालं आणि ती इच्छा वाचण्यात जिरली. वाचायची मात्र सुंदर. एरवी ती मुलींशी त्यांच्यासारखंच बोलायची. पुस्तक हातात आलं की तिची भाषा धुतलेले कपडे घालून बाहेर यायची. आणि एक कसब तिला आपोआप साधलं होतं. दारू पिऊन आलेला बाप, चोरून दिलेली चिठ्ठी, असलं काही पुढच्या ओळीत दिसलं की ती ते अलगद ओलांडून पलीकडच्या परिच्छेदावर जायची. आयाबायांनी विश्वासानं पोरी पाठवलेल्या, त्यांना नको ते कशाला ऐकवायचं? मुलींना ते कळायचंच. मशीन बिघडली की टाका सोडते, तसं. त्या एकमेकींना कोपरानं ढोसून कुजबुजायच्या, बाईंनी टाका सोडला.

पुढं एका वर्षी क्लासला कौसल्या आली. वय तेरा. मागल्या हिवाळ्यात काविळीनं तिची आई गेली होती. तिला घेऊन आली तिची चुलती, गोजरबाई. पोरीला आत बसवून गोजरबाई सत्यशीलाला दाराबाहेर घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "हिच्यासमोर मायचा विषय बिलकुल काढू नका, बाई. तसंबी कुठं खाती ती. चतकोर भाकर मोडती अन् उठती."

घरच्यांनी सगळं करून पाहिलं होतं. दृष्ट काढली, अंबडला डॉक्टर केला, टॉनिकच्या बाटल्या आणल्या. पोरीला आजार काहीच नव्हता. ती फक्त जेवत नव्हती. झंपराच्या बाहीत हात काडीसारखा दिसायचा. सत्यशीलानं पहिल्या दिवशी तिचं माप घेतलं आणि टेप गुंडाळताना तिला भीती वाटली. तेव्हापासून क्लासमध्ये मुली आपापल्या आईचं नावही काढत नसत.

आणि नेमकी तेव्हाच एक कादंबरी हाती आली. पुण्याची वसुधा नावाची मुलगी, तिची शाळा, तिच्या मैत्रिणी. मुखपृष्ठावर बारीक अक्षरात छापलेलं, बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींसाठी. सत्यशीलानं त्या ओळीवर भरवसा ठेवला आणि आधी न वाचताच सुरुवात केली. दोन प्रकरणांत मुली वसुधाच्या प्रेमात पडल्या. तिसरं प्रकरण सुरू झालं. वसुधा शाळेतून घरी आली, तर अंगणात माणसं जमलेली. सत्यशीलाची नजर तोंडाच्या पुढं धावायची, ती खालच्या ओळीवर गेली आणि थबकली. वसुधाची आई गेली होती. समोर कौसल्या सुईत दोरा ओवत होती.

"अंगणात माणसं जमली होती," सत्यशीलानं पुन्हा वाचलं. "पाहुणे आले होते. आई आत पोहे करत होती."

अशी वसुधाची आई वाचली. पण एकदा वाचवल्यावर तिला रोज वाचवावं लागलं. पुस्तकात बाप मुलीच्या वेण्या घालायला शिकतो. सत्यशीला त्या आईकडून घालून घ्यायची. पुस्तकात बाप संध्याकाळी एकटाच ओट्यावर बसतो. तेव्हा ती आईला माहेरी पाठवायची. आई फार वेळा माहेरी जायला लागली, तेव्हा तिला परत आणून एखाददोन वाक्यं बोलायला लावणं भाग पडलं. आता ती सकाळी स्वयंपाक करता करता पुढची पानं चाळून ठेवायची, आई कुठं बसवता येईल ते बघायची. देवानंदला याची मजा वाटायची. जेवताना तो विचारायचा, आज काय केलं मग वसुधाच्या आईनं?

एकदा मात्र तो गंभीरपणे म्हणाला, "ते पुस्तक पोरांसाठीच लिव्हलंय ना? लिहिणाऱ्यानं काही इचार केला आसंल."

"लिहिणाऱ्याला कौसल्या म्हाईत न्हाई," ती म्हणाली.



सातव्या प्रकरणात घोटाळा झाला. वसुधा परीक्षेत नापास होते, तिथं आईनं काहीतरी बोलायलाच हवं होतं. सत्यशीलानं पान बघत बघत आईला बोलतं केलं. मंग काय झालं, एका पेपरानं काय जीव जातो का, डोस्क्याला तेल लाव अन् जल्दी जेवून घे, असं ती माउली म्हणाली.

बेबीनंदा फिसकन हसली. क्लासमधली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात तोंडाळ पोरगी ती. म्हणाली, "बाई, वसुधाची माय आपल्या घनसावंगीकडची हाय का? अख्खं पुस्तक पुण्याचं बोलतंय, अन् ही एकलीच मंग मंग करती."

सगळ्या हसल्या. सत्यशीलाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. इतके दिवस ती पुस्तकाची वाक्यं पुस्तकाच्या भाषेत वाचत होती आणि आपली वाक्यं आपल्या भाषेत बोलत होती. तिला पत्ताच नव्हता.

हसणं ओसरलं, तेव्हा कौसल्या म्हणाली, "ती मेली हाय ना, बाई?"

तिनं मान वर केली नव्हती. हातातलं काज अर्धं झालेलं. बेबीनंदानं जीभ चावली. सत्यशीलाला सुटायला अजून वाट होती. नाही गं, माहेरी गेलीय, एवढंच म्हणायचं. पण विचारणारीला उत्तर आधीच ठाऊक होतं.

"हो," ती म्हणाली. "तिसऱ्या प्रकरणात."

"मंग तिथून वाचा."

सत्यशीलानं पानं मागं उलटली. अंगणात जमलेली माणसं, उंबऱ्यापाशी काढलेल्या चपला, आत जायला घाबरलेली वसुधा. सगळं आटोपून लोक परतले. शेजारणीनं वरणभात आणला. कुणी जेवेना. आणि वसुधाला भूक लागली होती. ती जेवली. पुन्हा भात मागून घेतला. मग रिकाम्या ताटाकडे बघून तिला वाटलं, आपल्यासारखी वाईट मुलगी जगात नसेल. तेवढ्यात वडील तिच्याशेजारी येऊन बसले, त्यांनी तिच्याच ताटात भात वाढून घेतला आणि काही न बोलता जेवू लागले.

पान संपलं. सत्यशीलानं भीत भीत समोर पाहिलं. कौसल्या रडत नव्हती. ती पुस्तकाकडे बघत होती, जणू ते अजून काही तरी सांगणार आहे.

"म्हणजे तिलाबी भूक लागल्ती," ती म्हणाली.

मग तिनं सुई कापडात टोचून ठेवली. "आमच्याकडं शेजारच्यांनी पिठलं-भाकर आणल्ती. सगळे म्हणले, कडू घास हाय, दोन घास खाय, पोरी. मला कडू न्हाई लागला, बाई. लई चांगला लागला. मी दोन भाकरी खाल्ल्या. माय नुकती नेल्ती अन् मी दोन भाकरी खाल्ल्या."

आधी तोंड उघडलं ते बेबीनंदानं. "माझा आजा मेला तवा मी तर चार खाल्ल्या," ती म्हणाली. "अन् वरून ताकबी मागितलं."

कुणीतरी हसलं. मग कौसल्याला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. चांगली हमसून रडली. शेजारच्या मुलीनं तिच्या मांडीवरचं कापड काढून बाजूला ठेवलं, भिजू नये म्हणून.

पुढचे काही दिवस सत्यशीलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. दारात सावली पडली की तिला गोजरबाईच वाटायची. एका दुपारी ती खरंच आली. चपला काढल्या नाहीत, उंबऱ्यातूनच म्हणाली, "काय केलं, बाई, तुम्ही आमच्या पोरीला?"

सत्यशीलानं मनाची तयारी केली होती. तिनं लपवलं नाही. मरणाचं प्रकरण वाचल्याचं सांगितलं, तुम्ही नको म्हणलं होतं हेही मान्य केलं.

गोजरबाई ऐकून घेत होती. मग तिनं चपला काढल्या आणि आत येऊन बसली.

"भाकर मागून घेऊन राह्यली," ती म्हणाली. "काल तर म्हणली, काकू, पिठलं कर. मी चुलीपाशीच बसून रडले." तिनं पदरानं तोंड पुसलं. पुस्तकाबद्दल तिनं पुढं काहीच विचारलं नाही. मग म्हणाली, आता आलेच आहे तर माझ्या झंपराचं माप घ्या, मागचा दंडात बसत न्हाई. सत्यशीलानं टेप काढला. या वेळी टेप गुंडाळताना तिला भीती वाटली नाही.

कादंबरी पुन्हा सुरू झाली, या वेळी आहे तशी. वसुधाच्या बापानं घातलेल्या वाकड्या वेण्यांना मुली पोट धरून हसल्या. पण प्रकरण संपल्यावर सत्यशीला पुस्तक मिटू लागली, तेव्हा कौसल्यानं हात वर केला.

"ती माय बी ऱ्हाऊ द्या ना, बाई. पुस्तकातली न्हाई. तुमची. चांगली बोलायची."

बाकीच्यांनीही गलका केला. मग रोज प्रकरण संपलं, पुस्तक मिटलं, की घनसावंगीकडची ती माय यायची आणि वसुधाला तेल लावायला, जेवायला, कुणाला भ्यायचं नाही हे सांगायला लागायची. ती काय म्हणेल हे सत्यशीलालाही आधी ठाऊक नसायचं. पुढची पानं चाळून ठेवायची गरज आता उरली नव्हती.