न गळणारं लपण

आमचे अण्णा छत्र्या दुरुस्त करायचे. डोंबिवलीत स्टेशनपासून जरा आत, एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांची जागा होती. तीस वर्षं तिथे बसून त्यांनी काड्या बदलल्या, दांडे बसवले आणि मुख्य म्हणजे भोकं बुजवली. ऐंशीचं दशक सरता सरता घडीच्या स्वस्त छत्र्या आल्या आणि मोडली की फेकायची, ही सवय लोकांना लागली. भर पावसाळ्यात अण्णा हातावर हात ठेवून बसायला लागले. मामानं कल्याणच्या एका सोसायटीत वॉचमनची जागा बघून ठेवली होती. अण्णा म्हणायचे, ‘‘दिवाळीनंतर बघू.’’ मी तेव्हा सव्वीस वर्षांची, ठाण्याला एका कंपनीत टायपिस्ट होते. मामाचा निरोप आला की माझं डोकं फिरायचं, कारण मामा खरं बोलत होता.

त्या जुलैत एक कॉलेजातले सर आले. पक्ष्यांचे फोटो काढायचा त्यांना नाद होता. त्यांच्याकडे एका परदेशी मासिकातली पानं होती. त्यात शिकारी लोक दबा धरून बसतात तसलं कापडी लपण होतं. पिशवीतून काढायचं, एक झटका द्यायचा, की ते छत्रीसारखं उभं. सर म्हणाले, ‘‘काका, तुम्ही छत्रीवाले. असं करून द्याल? मला बंदूक नाही, कॅमेरा घेऊन बसायचंय.’’ शीळफाट्याच्या अलीकडे एका शेततळ्याच्या कडेला पाणकोंबडीनं घरटं बांधायला घेतलं होतं. लपण टिकलं तर त्यांच्या पक्षिनिरीक्षक मंडळाला आणखी सहा हवी होती, आणि पुढे बाहेरगावची मंडळंही मागतील असं ते म्हणाले. अण्णांनी एवढंच ऐकलं की वॉचमन व्हायला नको.

पानं इंग्रजीत होती, म्हणून मी वाचून मराठीत सांगत गेले. काड्या कशा जोडायच्या, कोपरे कसे ताणायचे, पक्षी बुजू नये म्हणून छप्पर कसं बसकं ठेवायचं. शेवटच्या परिच्छेदाशी आल्यावर मी म्हटलं, ‘‘हे बर्फाचं आहे. खूप बर्फ पडला तर लपण कसं सांभाळायचं ते.’’

अण्णा हसले. ‘‘सोड गं. शीळफाट्याला बर्फ गोळेवाल्याकडेच मिळतो.’’

मीही हसले आणि पान उलटलं.

आठवडाभर आमच्या दोन खोल्यांत चालायला जागा नव्हती. जुन्या मोठ्या छत्र्यांच्या काड्या अण्णांनी दुहेरी करून जोडल्या. खाकी कापड मी मशीनवर शिवलं. शिवणीतून पाणी येऊ नये म्हणून अण्णांनी सगळ्या कापडाला मेण घासलं आणि वरून इस्त्री फिरवली. मग गच्चीवर लपण उभं केलं, मी आत बसले आणि त्यांनी वरून बादलीभर पाणी ओतलं. एक थेंब आत आला नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून मी त्यांच्यावरच ओरडले की माझी ओढणी भिजवलीत.

शेताच्या मालकीणबाई आगरी होत्या. लपण उभं करताना बांधावर उभ्या राहून त्या बघत होत्या. छपरावर हात फिरवून मला म्हणाल्या, ‘‘बाय, मधी एक भोक ठेव. पानी जाऊंदे खाली. नायतं वर बसंल.’’

अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जन्मभर भोकं बुजवणाऱ्या माणसाला भोक ठेव म्हणायचं. ते फक्त म्हणाले, ‘‘ताई, माझं कापड गळत नाही.’’

पहिले काही दिवस ते रोज सकाळी जाऊन लपण हातभर पुढे सरकवत, म्हणजे पाणकोंबडीला त्याची सवय व्हावी. उचलताना वरचं पाणी आपोआप सांडून जायचं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. शुक्रवारी लपण घरट्यापासून दोन हातांवर आलं. आता रविवारी सर आत बसेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नव्हतं.

शनिवारी पाऊस धरला. ऑफिसात चहाच्या सुट्टीत मी पर्समधली ती पानं काढली आणि उगाच शेवटचा परिच्छेद वाचला. छप्पर सपाट असेल तर मधे टेकू द्या. वजन साचू देऊ नका, वरचेवर झटका. ते जमत नसेल तर उतरवून ठेवा. कापड जितकं चांगलं, तितका भार जास्त धरून ठेवतं. बर्फाच्या जागी पाणी वाचलं की झालं. शेतातल्या बाईनं जे एका वाक्यात सांगितलं होतं, ते तिथे छापलेलं होतं.

हाफ डे होता. घरी आले ती सांगायचंच ठरवून. अण्णा जमिनीवर कागद पसरून पुढच्या सहांची मापं काढत होते. मला म्हणाले, ‘‘याला खिडकी जरा वर घेऊ या का गं?’’

मी म्हटलं, ‘‘घ्या.’’ आणि चहा ठेवायला गेले. शीळफाट्याला जाऊन यायला अजून उजेड होता. मी गेले नाही, त्यांनाही पाठवलं नाही. त्यांचा तो एक दिवस मोडायचा नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली.

रविवारी आम्ही तिघं बांधावर पोचलो. मालकीणबाई तिथेच होत्या. ‘‘सकाली आलू तं परलेला,’’ एवढंच म्हणाल्या. एका बाजूच्या काड्या वाकून लपण घरट्यावर आडवं झालं होतं. छपराच्या खोलगटात चारपाच बादल्या पाणी साठलेलं होतं आणि अजूनही त्यातून थेंबभर गळत नव्हतं. अण्णांनी दोन्ही हातांनी ते उपडं केलं. खाली अंडी फुटलेली होती. पाणकोंबडी गवतात कुठेतरी ओरडत होती, ती आम्ही निघेपर्यंत थांबली नाही.

सर चांगले होते. म्हणाले, ‘‘काका, पाऊसच तसा झाला. पुढच्या वर्षी बघू.’’ त्यांनी एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. घरी येताना बसमध्ये अण्णा एकदाच बोलले, ‘‘कापडात काही चूक नव्हती ना गं?’’ मी नाही म्हटलं. परिच्छेदाचं मी तेव्हाही सांगितलं नाही आणि पुढे ते असेपर्यंत कधीच सांगितलं नाही.

दिवाळीची वाट त्यांनी बघितली नाही. सोसायटीला अर्ज टाइप केलेला हवा होता, म्हणून एका संध्याकाळी ते माझ्या ऑफिसात आले आणि मशीनशेजारी स्टुलावर बसले. नाव झालं, पत्ता झाला, वय झालं. मग मी विचारलं, ‘‘अनुभव? काय लिहू?’’

ते माझ्या बोटांकडे बघत होते. म्हणाले, ‘‘ ‘नाही’ असं लिही.’’

मी तसं टाइप केलं.