आईची पुडी

आईचं डोकं दुखतं आणि शेजारच्या सुमनकाकूंचंही. काकूंना तेवढ्यापुरती लागू पडणारी गोळी आई वर्षानुवर्षं घेत आली. तिचं दुखणं काही हटलं नाही. म्हणून या वेळी दोघींना घेऊन मी जिल्ह्याच्या गावी, चिनी पद्धतीचं औषध देणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

बाईंनी दोघींची जीभ पाहिली. मनगटावर तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. आईला विचारलं, "पाय गार पडतात का? झोप कधी मोडते?" काकूंना विचारलं, "तहान फार लागते का?" मग दोघींना निरनिराळ्या चूर्णाच्या पुड्या दिल्या.

"अहो, दोघींचं डोकंच तर दुखतंय!" काकू म्हणाल्या.

"पण डोकी दोन आहेत ना!" बाई हसल्या.

मला शाळेतले गणिताचे सर आठवले. नापास तर निम्मा वर्ग होता. पण माझ्याशेजारी येऊन बसल्यावर, मला फळाच दिसत नाही हे त्यांनी ओळखलं आणि मला पहिल्या बाकावर बसवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या बाकावर घडला. बरं करायचं असो की शिकवायचं, आधी त्या एका माणसाकडे नीट बघावं लागतं, हे मी तेव्हापासून जाणतो.

परतताना एसटीत काकूंनी हात पुढे केला. "तुझी एक पुडी दे गं, बघते घेऊन."

आयुष्यभर सगळं वाटून टाकणाऱ्या आईनं पिशवी पोटाशी धरली.

"नाही हं सुमन. ही माझी आहे."